पुसलेल्या ओळींचा पगार कोण देणार?

गणपतीत गावी गेलो की घरातले सगळे फोन माझ्यासमोर आणून ठेवतात. "दादा, स्लो झालाय, बघ ना." यंदा मामेबहिणीच्या फोनमध्ये एक 'रॅम बूस्टर' सापडला. पडद्यावर रॉकेट, रॉकेटवर बोट ठेवलं की ते उडतं आणि 'दीड जीबी मोकळी झाली' असं अभिनंदन येतं. ती दिवसातून वीसेक वेळा रॉकेट उडवत होती. तिला सांगितलं, बाई गं, हे रॉकेट मागे शांतपणे थांबलेली अ‍ॅप्स मारतं. तू ती परत उघडतेस, फोन ती पुन्हा पहिल्यापासून उभी करतो, म्हणून तुझा फोन दमतो. मोकळी रॅम ही कौतुकाची गोष्ट नाही. ती रिकाम्या पडलेल्या फ्लॅटसारखी आहे.

मग रॅममध्ये भरलेलं काय असतं, असं तिनं विचारलं. उत्तर द्यायला गेलो आणि नेहमीप्रमाणे माझा आवाज चढला. घरचे आता यावर हसतात. तुमच्यापुढे तोच आवाज जरा व्यवस्थित चढवतो.

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे. तुम्ही एखादा फोटो उघडता तेव्हा तो स्टोरेजच्या चिपवरून वाचला जातो आणि त्याची एक प्रत रॅममध्ये ठेवली जाते, बहुतेक ठिकाणी ४०९६ बाइटच्या तुकड्यांत. एका तुकड्याला पेज म्हणतात आणि या सगळ्या साठ्याला पेज कॅश. तोच फोटो परत उघडला की चिपकडे जायचं कारण नाही. लिहितानाही तसंच. तुम्ही काही सेव्ह केलं की ते आधी रॅममधल्या पेजवर लिहिलं जातं, त्या पेजवर 'डर्टी' असा शिक्का बसतो आणि अ‍ॅपला सांगितलं जातं, झालं काम. खरं काम नंतर होतं. लिनक्सच्या मूळ मांडणीत दर ५ सेकंदांनी एक धागा जागा होतो आणि ३० सेकंदांहून जुनी डर्टी पेजं चिपवर किंवा डिस्कवर उतरवतो. ज्याला थांबणं परवडत नाही अशा प्रोग्रॅमनं 'एफसिंक' नावाची हाक मारायची, म्हणजे कर्नल तिथल्या तिथे लिहून मगच हो म्हणतो.

या 'झालं काम' आणि खरं काम यांच्यामधल्या फटीत जगातली कितीतरी माहिती हरवली आहे. ही फट सांभाळायची जबाबदारी कुणाची, एवढाच माझा विषय आहे. कर्नलमध्ये कितीतरी फाइलसिस्टिम आहेत: ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस, फोनवर एफ२एफएस, अशी मोठी यादी. पेज कॅश सगळ्यांची एकच. पण पेजला कुलूप कधी लावायचं, ते अजून त्याच फाइलचं आहे ना हे कुलूप लावल्यावर परत कधी तपासायचं, डर्टीचा शिक्का केव्हा पुसायचा, हे नियम वर्षानुवर्षं प्रत्येक फाइलसिस्टिमनं आपापल्या घरी लिहिले. शेजाऱ्याचं बघून उतरवले, थोडे बदलले, विसरले. माझं म्हणणं सरळ आहे: हे बंद व्हायला हवं, हे नियम एका जागी लिहिले जायला हवेत, आणि ते एका जागी आणताना जो माणूस हजारो ओळी खोडतो त्याला नवं फीचर लिहिणाऱ्याइतकाच मान आणि तितकाच पैसा मिळायला हवा.

यावर 'चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?' हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की ते कुणी म्हणायच्या आधीच मला त्याचा सूर ऐकू येतो.

पुण्यातल्या एका कंपनीत मी काही वर्षं होतो. दूधसंकलन केंद्रांसाठी आम्ही एक छोटा डबा बनवायचो. सकाळी शेतकरी कॅन घेऊन येतो, मशीन फॅट आणि एसएनएफ सांगतं, काटा वजन सांगतो, डबा नोंद करतो आणि पावती छापतो. दहा दिवसांनी त्या नोंदींवरून बिल. डब्यात लिनक्स, रॅम तुटपुंजी, आणि जागा वाचावी म्हणून कंपनीनं स्वतः लिहिलेली, डेटा दाबून ठेवणारी फाइलसिस्टिम. एका तालुक्यातून तक्रार आली की बिलात लिटर कमी येतात. आमच्याकडून ठरलेलं उत्तर गेलं: लाईट गेली असेल, ऑपरेटरनं डबा मध्येच बंद केला असेल. मग एका बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत पावत्यांचा गठ्ठा घेऊन केंद्रावर आल्या. एकेक पावती तारखेनं लावलेली. त्यांच्या पावत्यांवर जे दूध होतं त्यातल्या सहा सकाळी आमच्या डब्याच्या लेखी उगवल्याच नव्हत्या. लाईट त्यातल्या एकाही दिवशी गेली नव्हती.

तीन आठवडे शोधलं. आमच्या फाइलसिस्टिममध्ये डर्टी पेज बाहेर पडायला दोन दारं होती. एक पुढचं: तो नेहमीचा धागा येतो, फाइलची बरीच पेजं एकदम घेतो, दाबतो, लिहितो. दुसरं मागचं: रॅम संपत आली की कर्नलचा मेमरी विभाग घाईघाईनं एकच पेज उचलून म्हणतो, हे आधी लिही, मला जागा हवी. या दोन दारांचा कोड वेगवेगळा होता. पुढच्या दारावरची एक चूक कुणीतरी पूर्वीच दुरुस्त केली होती. मागच्या दाराची तशीच राहिली. तिथे डर्टीचा शिक्का आधी पुसला जायचा आणि दाबण्यासाठी मेमरी नंतर मागितली जायची. रॅम संपली म्हणून तर या दाराशी आलो, त्यामुळे ती मेमरी कधीकधी मिळायचीच नाही. लिहिणं फसलं, पण पेज स्वच्छ दिसतंय. आता अ‍ॅपनं एफसिंकची हाक मारली तरी कर्नल बघतो, डर्टी काहीच नाही, आणि प्रामाणिकपणे सांगतो: सगळं नीट आहे. सकाळच्या गर्दीतच हे व्हायचं, कारण रॅमवर ताण तेव्हाच.

मी मागचं दार दुरुस्त केलं नाही. काढून टाकलं. चारशेहून जास्त ओळी गेल्या, अकरा आल्या. मेमरी विभागाला ते दार सापडलं नाही की तो पेज बाजूला ठेवतो आणि पुढच्या दारानं ते यथावकाश बाहेर पडतं. तक्रारी थांबल्या. त्या वर्षीच्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये 'या वर्षी नवीन काय दिलं' असा रकाना होता. मी लिहिलं, एक दार बुजवलं. सर म्हणाले, "ते ठीक आहे रे, पण तू डिलिव्हर काय केलंस?" ज्यानं ते दार बांधलं होतं त्याच्या नावावर ते सात वर्षांपूर्वी 'डिलिव्हर' म्हणून नोंदलेलं होतं, हे मी जुन्या फायलीत पाहिलंय.

माझं रडगाणं इथे संपवतो, कारण मुख्य कर्नलमध्ये हेच दार याहून मोठ्या प्रमाणावर होतं. त्याचं नाव 'रायटपेज'. एकेक पेज, वाटेल त्या क्रमानं, ऐन मेमरीच्या तंगीत. डिस्कसाठीही हे वाईट, कारण ओळीनं लिहायचं सोडून ती इकडून तिकडे धावते. एक्सएफएसनं आपल्यापुरतं ते दार २०२१ मध्ये काढलं. बाकीच्यांना एकेक करून समजावत, त्यांचा कोड बदलत, २०२५ साली ६.१६ या आवृत्तीत ते सगळ्यांसाठी गेलं. ही बातमी तुम्ही कुठे वाचलीत का? कुठलाच फोन 'आता मागच्या दाराशिवाय' अशी जाहिरात करून विकला जात नाही.

याहून बोलकं उदाहरण कुलपाचं आहे. समजा एक प्रोग्रॅम फाइलच्या मधला भाग काढून टाकतोय. फाइलसिस्टिमनं पेज कॅशमधून त्या भागाची पेजं हटवली, आता ती डिस्कवरची जागा मोकळी करणार. या दोन पावलांच्या मध्ये दुसऱ्या प्रोग्रॅमनं नेमक्या त्या भागाला हात लावला. पेज कॅशला वाटतं, पेज नाही, आणायला हवं. ती जुन्याच जागेवरून घेऊन येते. पुढच्या क्षणी ती जागा मोकळी होते आणि दुसऱ्याच कुणाच्या फाइलला दिली जाते. आता पहिल्या फाइलचं पेज दुसऱ्या फाइलच्या जागेकडे बोट दाखवत उभं आहे. वाचलं तर परक्याचा मजकूर, लिहिलं तर परक्याचं नुकसान.

हे संकट ईएक्सटी४ला कळलं, तिनं आपलं कुलूप बनवलं. एक्सएफएसला कळलं, तिनं आपलं. एफ२एफएसनं आपलं. तीन घरं, तीन कुलपं, चोर एकच. आणि ज्यांना हे संकट कळलंच नाही अशा फाइलसिस्टिमची दारं उघडीच. अखेर यान कारा यांनी हे कुलूप सामाईक जागी आणलं आणि २०२१ मध्ये ५.१५ या आवृत्तीत ते आलं. घराघरातली कुलपं गेली, आणि सेफ, सीआयएफएस यांच्यासारख्या ज्यांच्याकडे ते नव्हतंच त्यांची फटही त्याच कामात बुजली. 'प्रत्येकाची गरज वेगळी असते' हे वाक्य ज्यांना फार आवडतं त्यांनी सांगावं, की या तिघांच्या गरजेत वेगळं काय होतं? गरज सारखीच होती. वेगळं होतं ते फक्त प्रत्येकाचं एकटं जागरण.

एकटेपणा बाजूच्यांनाही महाग पडतो. रायझरएफएस ही २००१ साली मुख्य लिनक्समध्ये आलेली पहिली जर्नल ठेवणारी फाइलसिस्टिम. एके काळी सुझेची ती मूळ निवड होती. (तिच्या कर्त्याची कहाणी वेगळी आणि भयंकर आहे, तिचं इथे काम नाही.) २०२२ पर्यंत तिला वापरणारे जवळपास उरले नव्हते. पण पेज कॅशमध्ये लिहायला सुरुवात करणाऱ्या एका फंक्शनला एक 'फ्लॅग' जात होता, आणि त्या फ्लॅगची एक खूण एकटी रायझरएफएस वापरायची. एका रिकाम्या घराला नळ हवा म्हणून सगळ्या गल्लीनं जुनी पाइपलाइन पोसायची, असा तो प्रकार. मॅथ्यू विलकॉक्स यांनी त्या वर्षी फेब्रुवारीत विचारलं, आता हिला काढायची वेळ झाली का? आधी तीन वर्षांची सूचना दिली गेली आणि ६.१३ मध्ये ती गेली. घिसाडघाई कुणीच केली नाही. तरी तेव्हाही काहींना वाटलं की जुन्याचा अपमान झाला. जुन्याबद्दल आदर म्हणजे ते माळ्यावर ठेवणं, ही आपली घरगुती समजूत. माळा कधीतरी खाली येतो.

याच विलकॉक्स यांचं मोठं काम म्हणजे फोलिओ. कर्नल प्रत्येक पेजमागे ६४ बाइटची एक नोंद ठेवतो. तुमच्या फोनमध्ये ८ जीबी रॅम असेल तर ४०९६ बाइटची सुमारे एकवीस लाख पेजं, आणि त्यांची नुसती हजेरी ठेवायला १२८ एमबी. मोठ्या फाइलसाठी अनेक पेजांचा गठ्ठा एकत्र हाताळावा, ही कल्पना जुनीच. अडचण ही की कोडच्या हातात पेज आलं की ते गठ्ठ्याचं पहिलं आहे की मधलं, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून प्रत्येक फंक्शन परत परत विचारायचं, तुझा मुखिया कोण? फोलिओ म्हणजे असा प्रकार जो कधीच मधलं पेज नसतो. प्रश्न एकदाच, दाराशी विचारायचा. हे एवढंसं वाटतं. ऑगस्ट २०२१ मध्ये ते ५.१५ साठी पाठवलं तेव्हा मेमरीवाल्यांचा, त्यातही योहानेस वाइनर यांचा, आक्षेप आला. नावावरूनही भरपूर वाद झाला. ती फेरी हुकली. ५.१६ मध्ये ते आलं. योहानेस यांचा मुद्दा, फाइलची मेमरी आणि बाकीची मेमरी एकाच साच्यात घालावी का, हा खरा मुद्दा होता आणि मी त्याला हसणार नाही.

पण पुढचं बघा. एक्सएफएसला मोठे फोलिओ २०२२ मध्येच, ५.१८ मध्ये मिळाले. ईएक्सटी४ला २०२५ उजाडलं. एक्सएफएसवाले काही तिप्पट हुशार नाहीत. त्यांनी पेज कॅशचं काम 'आयओमॅप' नावाच्या सामाईक थरात आधीच, २०१६ पासून, नेऊन ठेवलं होतं. फाइलसिस्टिमनं फक्त सांगायचं की फाइलचा हा भाग डिस्कवर इथे आहे. पेजांची उठाठेव थरानं करायची. सुधारणा थरात झाली आणि ती त्यांच्या पदरात पडली. ईएक्सटी४च्या पाठीवर तिचा स्वतःचा कोड आणि लिनक्सच्या बाल्यावस्थेपासून चालत आलेले बफर-हेड. तीन वर्षांची किंमत तिथे मोजली गेली.

आता विरोधकांचं सर्वांत भारी पान मीच टाकतो. ७ मार्च २०२२ रोजी माक्स केलरमन यांनी 'डर्टी पाइप' जाहीर केला. त्यांच्या एका ग्राहकाच्या दाबून ठेवलेल्या लॉग फायली अधूनमधून बिघडायच्या. बिघाड नेहमी फाइलच्या शेवटी, आठ बाइटचा, बहुतेक महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. माग काढता काढता कळलं की कुठलाही साधा प्रोग्रॅम, ज्याला फाइल फक्त वाचायची परवानगी आहे, तो पेज कॅशमधल्या तिच्या प्रतीवर लिहू शकतो. मग पासवर्डची फाइलही आलीच. पिक्सेल ६ आणि गॅलेक्सी एस२२ सारखे तेव्हाचे नवेकोरे फोन यात सापडले. आणि हे भोक उघडलं कशामुळे? ५.८ मधल्या एका साफसफाईमुळे. पाइपचे दोनतीन सारखे प्रकार एकत्र करून फरक एका फ्लॅगवर आणला गेला, आणि तो फ्लॅग काही जागी कोरा न करताच सोडलेला होता.

बघा, म्हणतात लोक, हात लावला आणि घात झाला. पण तो फ्लॅग कोरा न करणारा कोड २०१६ पासून, ४.९ पासून तिथे बसलेला होता. एकच नोंद भरण्याचं काम अनेक ठिकाणी हातानं लिहिलं होतं. काही जागी फ्लॅग भरला, काही जागी विसरला. चार वर्षं त्या विसरण्याला परिणाम नव्हता म्हणून ते 'चालत' होतं. साफसफाई अर्धी झाली, हा माझा आरोप मी करीन. भरायची जागाही एकच असती तर विसरायलाही एकच जागा राहिली असती.

दुसरंही सांगतो, कारण लपवण्यात अर्थ नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये एका सर्व्हर चालवणाऱ्यानं सार्वजनिक तक्रार केली की ६.१ पासूनच्या कर्नलवर, एक्सएफएस आणि मोठे फोलिओ यांच्या संगमावर, कधीतरी महिन्याकाठी डेटा बिघडतो किंवा मशीन गोल गोल फिरत राहतं. तो खरा होता. पेज कॅशच्या झाडात फोलिओ घालताना कुलूप मध्ये सोडलं जायचं आणि परत घेतल्यावर आधीची माहिती नव्यानं तपासली जायची नाही. म्हणजे माझ्या लाडक्या सुधारणेनंच लोकांचा डेटा खाल्ला. ज्यांचा गेला त्यांच्यापुढे मी युक्तिवाद करणार नाही. एवढंच नोंदवतो, की त्याची दुरुस्ती आधीच मुख्य कर्नलमध्ये, तोच कोड नीटनेटका आणि वेगवान करणाऱ्या एका बदलाच्या पोटात, येऊन बसली होती. फक्त जुन्या, 'स्थिर' म्हणवणाऱ्या आवृत्त्यांत ती कुणी नेली नव्हती. आणि सामाईक जागी असल्यामुळे ती एकदाच न्यावी लागली. माझ्या डब्यातली चूक अशी कुणाला सापडलीच नसती, कारण तो कोड जगात आमच्याकडेच होता.

तुमच्यापैकी बरेच जण याच धंद्यात येणार आहात, काही आलेही आहात. पहिल्याच आठवड्यात तुम्हाला एक फाइल दाखवतील आणि आवाज खाली करून सांगतील, हिला हात लावू नकोस. त्या फाइलमध्ये कुठेतरी ४०९६ हा आकडा थेट लिहिलेला असेल. अँड्रॉइड आता १६ केबीच्या पेजकडे चाललंय. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ आणि पुढच्यासाठीची नवी अ‍ॅप्स व अपडेट प्ले स्टोअरवर चढवायची तर १६ केबी चालायलाच हवं, असा नियम आहे. किती कंपन्यांत तेव्हा रात्री जागल्या, ते तुमच्या सीनियरना विचारा. हात न लावलेल्या फायलींनीच त्या जागवल्या.

मामेबहिणीचा फोन मी आता तपासत नाही, रॉकेट तिनं काढलं. त्या पावत्यावाल्या बाईंना सहा सकाळचे पैसे केंद्रानं पुढच्या बिलात दिले, असं ऑपरेटरनं फोनवर सांगितलं. बाकीच्यांनी पावत्या ठेवल्या नव्हत्या.